जर्मलच्या तबकड्या आणि घरातले आवाज

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा विषय फळ्यावर लागला तेव्हा दोघीतिघींनी मला विचारले की, तबकड्या म्हणजे जेवणाच्या थाळ्याच ना? तेव्हा प्रथमच खुलासा करते. थाळ्या नव्हेत, ग्रामोफोनवर वाजतात त्या तबकड्या. मात्र आपल्या माहितीच्या काळ्याभोर लाखेच्या नव्हेत. आपली पातेली ज्या जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, त्याच धातूच्या. बाजारात विकत घेतलेल्या गाण्यांच्याही नव्हेत. लोकांनी घरी बसून स्वतःच्या आवाजाने भरलेल्या.

रेडिओच्या ध्वनिमुद्रिका-विभागात माझी सव्वीस वर्षे गेली. निवृत्त झाल्यावर अमेरिकेत, कनेटिकट राज्यात, लेकीकडे काही महिने राहण्याचा योग आला आणि तेथे या तबकड्यांशी माझी जवळून ओळख झाली. आज त्या कशा ओळखाव्यात आणि कशा वाजवाव्यात, हे सांगणार आहे. पण सगळ्यांत आधी एक गोष्ट मनात पक्की करू या. ओळखल्याशिवाय वाजवू नये. बाकीचे विसरलात तरी चालेल.

आता या तबकड्या आल्या कोठून ते पाहू. १९२८ ते १९३५ ही ढोबळ मानाने त्यांची भरभराटीची वर्षे. टेपरेकॉर्डर घरोघर यायला अजून पुष्कळ अवकाश होता. तेव्हा अमेरिकेत मायक्रोफोन, आवाज वाढवणारे यंत्र आणि फिरती चकती अशी जोडणी करून साध्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आवाज उमटवण्याची सोय निघाली. स्पीक-ओ-फोन हे त्यातले एक गाजलेले नाव. हौशी माणसे घरी यंत्र आणीत, काही जण दुकानवजा स्टुडिओत जाऊन चार वाक्ये बोलून येत. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मुलांच्या कविता, बहिणीचे पियानोवादन, रेडिओवर लागलेला कार्यक्रम, असे काय काय त्यांवर असे. लाखेची तबकडी हातातून पडली की तिचे तुकडे होतात. ही पडली तर फार तर पोचा येईल. वजनाला हलकी, म्हणून टपालाने पाठवायलाही सोयीची.

आवाज उमटे कसा? येथे स्वयंपाकघरातले उदाहरण घेते. करंजीच्या कडेवर कातण फिरवले की कणीक कापली जाते. पण लाटलेल्या कणकेवर नुसते बोट दाबून रेघ ओढली, तर काहीच निघून जात नाही. मध्ये खोलगट होते आणि रेघेच्या दोन्ही काठांना कणीक थोडी वर येते. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर असेच होई. कठीण, बोथट टोक पुष्कळ वजनाने पत्र्यावर दाबले जाई आणि आवाजाच्या कंपनाबरोबर ते डावीउजवीकडे हलत खाच पाडी. धातू कापला जात नसे, दाबला जाई. म्हणून खाच उथळ आणि आवाज पुसट. वर धातूची खरखर असेच. पण माणूस ओळखू येतो, आणि घरच्यांना तेवढे पुरते.

आता ओळखायचे कसे?

पहिली खूण रंगाची. दोन्ही बाजू, कडा आणि मधले भोक सगळे एकसारखे चंदेरी दिसले, तर तबकडी उघड्या ॲल्युमिनियमची असण्याचा संभव मोठा. वरून काळी चकचकीत, पण कडेला किंवा भोकाच्या आत चंदेरी धातू डोकावत असेल, तर ती निराळी जात. १९३४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत ॲल्युमिनियमवर नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाचा थर दिलेल्या तबकड्या निघाल्या. नखांना लावायच्या पॉलिशमध्ये असते तेच हे द्रव्य. त्या थरात खाच दाबून नव्हे, तर कापून काढीत, आणि बारीक केसासारखे सूत निघे. आवाज पुष्कळ सुधारला आणि उघड्या ॲल्युमिनियमचे दिवस संपले. पण गंमत अशी की, ही सुधारलेली तबकडी अधिक नाजूक निघाली. तिच्यावर पांढरट चिकट साय येते, थर आकसतो, भेगाळतो आणि कधी पापुद्र्यासारखा सुटून येतो. नखांचे पॉलिश ज्या द्रवाने निघते, त्याचा बोळा तिला लागला तर आवाजच पुसला जाईल. तेव्हा या दोन जातींची गल्लत होता कामा नये.

दुसरी खूण वजनाची आणि लोहचुंबकाची. चुंबक कडेशी हळूच, खाचांना न टेकवता धरावा. ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड असेल किंवा तबकडी निकेलची असेल. निकेलच्या जड तबकड्या कारखान्यात साचे म्हणून वापरीत. काही साच्यांवर खाचांच्या जागी उंचवटे असतात. ते वाजवण्यासाठी नसतातच.

तिसरी खूण खाचेची. भिंगातून पाहिले की दाबलेल्या खाचेचे काठ वर आलेले दिसतात, कणकेवरच्या रेघेसारखे. कापलेल्या खाचेचे काठ साफ असतात. प्रकाश तिरपा पडेल असे धरून पाहिले की आणखी एक गोष्ट कळते. खाचांच्या तळाशी करड्या, निस्तेज रेघा दिसल्या, तर ती तबकडी पूर्वी चुकीच्या सुईने वाजवली गेली आहे.

चौथी खूण लिहिलेल्या मजकुराची. मध्यभागी कागदाची चिठ्ठी असते, किंवा कोणीतरी टोकदार वस्तूने पत्र्यावरच नाव, तारीख कोरलेली असते. पाकीटही फेकू नये. तंतूचीच सुई वापरा, अशी सूचना कित्येकदा त्यावर छापलेली असते. या सूचनेतच सगळे मर्म आहे.

आपण लाखेच्या तबकड्यांना पोलादी पिन लावत होतो. ती चालत असे, कारण त्या लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. तबकडी फिरू लागली की ती भुकटी पिनेलाच घासून खाचेच्या मापाची करी. पिन झिजे म्हणून तबकडी टिके, आणि म्हणूनच दर वेळी पिन बदलायची असे. ॲल्युमिनियममध्ये अशी भुकटी नाही. तो मऊ धातू. पोलादी पिन तेथे झिजत नाही, नांगरासारखी चालते. एकदा वाजवले की आवाजातले बारकावे गेले, आणखी चारदोनदा वाजवले की शब्द गेले. त्यासाठी तेव्हा बांबूच्या तंतूची तिकोनी सुई वापरीत. टोक बोथटले की लहानशा कात्रीने छाटून नवे करीत. काही जण निवडुंगाचा काटाही लावीत. धातूचा आवाज ऐकायला बांबू लागे आणि काटा लागे, ही मोठी मौज आहे.

हे सगळे पुस्तकी वाटू नये म्हणून माझ्या लेकीच्या शेजारच्या आजीबाईंची हकीगत सांगते. २०१७ साल होते आणि त्या ८८ वर्षांच्या होत्या. मी रेडिओत होते हे लेकीने त्यांना सांगितलेले. एके दिवशी बिस्किटांच्या मोठ्या डब्यात घालून त्यांनी सात चंदेरी तबकड्या आणल्या. १९३३ च्या हिवाळ्यात वडिलांनी घरी भरलेल्या. आजीबाई एकोणीस वर्षांच्या असताना त्यांची आई वारली. आईची छायाचित्रे होती, पत्रे होती, पण आवाज कोठेच नव्हता. असलाच तर या डब्यात. नातवाने हौसेने पेटीसारखा मिटणारा नवा प्लेअर आणला होता आणि तो त्यावर तबकडी लावायला निघाला होता. आजीबाईंनी त्याला थांबवले होते, एवढे त्यांचे भाग्य.

मी भिंगाने सातही तबकड्या पाहिल्या. पाच तबकड्यांवर करड्या रेघा होत्या. लहानपणी भावंडांनी चकाकते खेळणे म्हणून त्या घरातल्या ग्रामोफोनवर पुन्हा पुन्हा वाजवल्या होत्या, असे आजीबाईंनीच सांगितले. दोन तबकड्या मात्र स्वच्छ होत्या. त्यांतल्या एकीवर पेन्सिलीने आईचे नाव लिहिलेले होते.

गावच्या ग्रंथालयातून एका हौशी संग्राहकांचा पत्ता मिळाला. त्यांच्याकडे वेग कमीजास्त करता येणारी चकती, अगदी हलका हात आणि निरनिराळ्या मापांच्या सुया होत्या. लाँग-प्ले तबकडीच्या सुईचे टोक साधारण इंचाच्या हजाराव्या भागाएवढे असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला त्याच्या सुमारे तिप्पट लागते. पण घरी दाबलेल्या खाचेचा काही नेम नाही. सुई फार बारीक असली तर ती तळाच्या खरखरीत लोळते, फार जाड असली तर काठांवर चढते. म्हणून आम्ही आईचे नाव असलेली तबकडी बाजूला ठेवून दुसरीच्या शेवटच्या खाचांवर दोनतीन सुया लावून पाहिल्या आणि मगच मापाची सुई ठरवली.

पहिल्यांदा आवाज आला तो असा. खरखर, घुंई असा एक सूर, मग एक बाई बोलते आहे आणि तिच्याजवळ एक लहान मूल आहे. बाई म्हणते, "म्हण ना बाळ, ती कालची कविता म्हण." मूल गप्प. "एकच ओळ म्हण." मूल म्हणते, "नाही." आजीबाई ऐकत होत्या. त्या मान हलवून म्हणाल्या, "ही माझी आई नव्हे. ही कोणीतरी पोरसवदा मुलगी आहे."

मी त्या घुंई सुराकडे लक्ष दिले. विजेवर चालणाऱ्या यंत्रात विजेचा स्वतःचा एक सूर मिसळतो. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५०. संग्राहकांनी संगणकावर मोजले तर तो सूर ६५ चा भरला. म्हणजे आम्ही तबकडी हवी त्यापेक्षा जलद फिरवत होतो. आवाज भरताना वजनदार टोकाच्या ओढीने वडिलांच्या यंत्राची चकती ७८ ऐवजी सुमारे ७२ फेऱ्यांनीच फिरत असणार. आम्ही वेग उतरवला. विजेचा सूर ६० वर आला आणि पेटीवरच्या सुमारे दीड पट्टीने बाईचा आवाज खाली आला. तेच शब्द पुन्हा आले. "म्हण ना बाळ."

आजीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी हात वर करून आम्हां सर्वांना गप्प राहायला सांगितले. तबकडी संपल्यावर हसून म्हणाल्या, "आणि नाही म्हणणारी ती मी. चार वर्षांची. अजून तशीच आहे."

भगिनींनो, त्या दिवशी तबकडी एकदाच सबंध वाजवली, आणि ती वाजत असतानाच संगणकावर उतरवून घेतली. पुन्हा ऐकले ते उतरवलेल्या प्रतीवरून, आणि वेगही त्या प्रतीवरच उतरवला. हा नियमच समजा. प्रत्येक वाजवण्याने थोडे तरी झिजते, म्हणून पहिले वाजवणे वाया घालवायचे नाही. प्रथम आहे तसा, खरखरीसकट, आवाज उतरवावा. साफसफाई नंतर आणि दुसऱ्या प्रतीवर करावी. प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. आणि मूळ तबकडी कधीही टाकून देऊ नये. आज जे ऐकू येत नाही ते उद्याच्या यंत्राला ऐकू येईल.

असे खरोखरच घडले आहे. अमेरिकेतील बर्कली येथील प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि विताली फादेयेव या शास्त्रज्ञांनी सुई न टेकवता, खाचांची अतिसूक्ष्म छायाचित्रे घेऊन त्यांवरून आवाज परत मिळवण्याची युक्ती काढली. २००३ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. या यंत्राचे नाव आयरीन. 'गुडनाइट, आयरीन' या गाण्यावरून ते पडले. हेच गाणे १९३३ च्या जुलैत लुइझियाना राज्यातील अँगोला तुरुंगात लेडबेली या कृष्णवर्णी गायकाने जॉन लोमॅक्स यांच्यासमोर गायिले, तेव्हा लोमॅक्स यांचे सुमारे १४० किलो वजनाचे यंत्र उघड्या ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवरच आवाज उमटवत होते.

कोणी म्हणेल, घरगुती खेळण्याचे एवढे कौतुक कशाला? पण याच साध्या पत्र्याने विद्वानांचीही मोठी कामे केली. हार्वर्ड विद्यापीठाचे मिल्मन पॅरी १९३४-३५ साली युगोस्लाव्हियात गेले आणि तेथील शाहीर हजारो ओळींची कवने कशी गातात ते त्यांनी टिपून आणले. एका बाजूवर जेमतेम चार मिनिटे मावत. म्हणून कनेटिकटमधल्याच वॉटरबरीच्या एका कंपनीने त्यांना दोन चकत्यांचे यंत्र करून दिले होते. एक तबकडी संपली की दुसरी सुरू, म्हणजे शाहिराला थांबावे लागू नये. साडेतीन हजारांवर तबकड्या भरल्या. त्यांत बायकांची गाणीही होती. त्यांतल्या पंचाहत्तर गाण्यांची स्वरलिपी बेला बार्टोक या थोर संगीतकाराने केली. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९५१ साली, प्रसिद्ध झाले. आपल्या जात्यावरच्या ओव्यांना कोणी एवढ्या आदराने कान लावला, तर आपल्याला जे वाटेल तेच तेथल्या बायकांना वाटले असेल.

दुसरे उदाहरण तर माझ्या मनातून जात नाही. लोरेन्झो डाउ टर्नर हे कृष्णवर्णी भाषापंडित १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, पूर्वी गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांची बोली टिपत हिंडत होते. हॅरिस नेक या वस्तीत अमेलिया डॉली या बाईंनी त्यांना एक छोटेसे गाणे म्हणून दाखवले. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. ती भाषा आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची, मेंडे, असे पुढे ओळखले गेले. १९९० नंतर संशोधक ते ध्वनिमुद्रण घेऊन त्या देशात गेले, तेव्हा एका खेड्यात बेंडू जबाती नावाच्या बाईंना जवळजवळ तेच गाणे येत होते. आजीने शिकवलेले, मृतांना निरोप देताना बायकांनी म्हणायचे. इकडे अमेरिकेत अमेलियाबाईंच्या कन्या मेरी मोरन यांनाही ते आईकडून आलेले होते, खेळातले गाणे म्हणून. १९९७ साली मेरीबाई सिएरा लिओनला गेल्या. गाणे जपले ते दोन्हीकडच्या आयाआज्यांनी. पण ते एकाच घराण्याचे आहे, हे कळले ते टिपून ठेवलेल्या आवाजामुळे.

आता आपल्या हाताशी जे आहे त्याविषयी थोडे सांगून संपवते. परदेशी राहून आलेल्या कोणा नातेवाइकाच्या ट्रंकेत, जुन्या बाजारात, किंवा आपल्या मुलाबाळांच्या तिकडच्या शेजारात अशी चंदेरी तबकडी निघालीच, तर आपल्या हातांना आवरा. आपल्याला काळवंडलेले जर्मल दिसले की चिंच, राख, सोडा आणि तारेची घासणी आठवते. येथे ती मुळीच चालायची नाही. आंबट आणि सोडा दोन्ही ॲल्युमिनियमला खातात, आणि आवाजाची खाच फार बारीक असते. कोरड्या मऊ ब्रशाने धूळ झाडावी. फार मळ असेल तर मऊ कापड आणि ऊर्ध्वपातित पाणी, खाचांच्या दिशेने, आणि लगेच टिपून घ्यावे. पांढरी भुकटी धरली असेल तर तीही न करता जाणत्याला दाखवावी. कडेने धरावी. स्वच्छ कागदी पाकिटात, उभी ठेवावी, एकीवर एक रचू नये. समुद्राच्या दमट, खाऱ्या हवेपासून जपावी. आणि सुईचा नेम ठरल्याशिवाय कोणत्याही यंत्रावर चढवू नये.

तबकडी नसेल तर नसो. पण कपाटात कॅसेटी आहेत, टेपची रिळे आहेत. कोणाच्या लग्नातल्या मंगलाष्टका, कोणाच्या सासूबाईंची भूपाळी, बारशाचे पाळणे. त्यांना हाच नियम लागू. आधी ओळखा, एकदाच नीट वाजवा, त्याच वेळी उतरवून घ्या. आणि आज घरी गेल्यावर निदान एवढे करा, प्रत्येकीवर चिठ्ठी लावा. आवाज कोणाचा, कोठला, कोणत्या साली, आणि मागे कोण हसते आहे. सातांपैकी नेमकी कोणती तबकडी जपून वाजवायची, हे आम्हांला त्या आजीबाईंच्या वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेल्या एका नावाने सांगितले.